प्रशिक्षण कुठे, ओळखी कशा? छोटा व्यवसाय करणाऱ्या महिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून मसाले, फराळ, शिवणकाम, पार्लर, खानावळ, रोपवाटिका असा छोटा व्यवसाय करणाऱ्या महाराष्ट्रातल्या महिलांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. योजनांची यादी कुठेही मिळते, त्यामुळे इथे भर आहे तो कोणत्या कामासाठी कुणाकडे जायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही यावर. योजनांच्या अटी आणि रकमा बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी संबंधित कार्यालयात एकदा खात्री करून घ्या.

आधी प्रशिक्षण घ्यावं की आधी व्यवसाय सुरू करावा?

थोडासा का होईना, धंदा आधी. जिने ओळखीपाळखीत पन्नास पाकिटं विकली आहेत तिच्याकडे प्रश्न तयार असतात: पावसाळ्यात पापड का सादळतात, दुकानदार दोन-दोन महिने पैसे का थकवतो, कुरिअरमध्ये लाडू का फुटतात. ती वर्गात बसली की नेमकं तेवढं टिपून घेते. काहीच न विकता आलेली बाई वहीभर लिहून घेते आणि वही कपाटात जाते.

अपवाद आहेत. पार्लरमधली रसायनं, लोणची-सरबतं टिकवण्यासाठी घालायची परिरक्षकं, विजेवर चालणारी यंत्रं अशा कामांत गिऱ्हाइकावर प्रयोग करून शिकता येत नाही. तिथे आधी शिका.

फुकट आणि चांगलं प्रशिक्षण नेमकं कुठे मिळतं?

गावात किंवा तालुक्याला राहत असाल तर पहिली चौकशी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची करा. सगळे तिला ‘आरसेटी’ म्हणतात. कर्नाटकात उजिरे इथे १९८२ साली धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँकांनी मिळून जी संस्था काढली, तिच्या धर्तीवर पुढे देशभर या संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येक जिल्ह्यातली संस्था सहसा तिथली अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामात पुढाकार घ्यायला नेमलेली बँक, चालवते. पुणे, नाशिकला बँक ऑफ महाराष्ट्र. कोल्हापूर, सोलापूरला बँक ऑफ इंडिया. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. शिवणकाम, पार्लर, शेळीपालन, कुक्कुटपालन, पापड-मसाले असे आठवड्याभरापासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग असतात. पण आरसेटीची खरी किंमत वर्ग संपल्यावर कळते. पुढे दोन वर्षं संस्थेने तुमचा पाठपुरावा करायचा असतो, बँकेच्या कर्जासाठी मदत करायची असते. ही गोष्ट पुष्कळ जणींना माहीतच नसते, म्हणून त्या परत फिरकत नाहीत. तुम्ही फिरका.

खाद्यपदार्थांत असाल तर कृषी विज्ञान केंद्र विसरू नका. ते फक्त शेतकऱ्यांचं असतं असा समज आहे. बऱ्याच केंद्रांत गृहविज्ञानाचे तज्ज्ञ असतात आणि आवळा, टोमॅटो, सोयाबीन, नाचणी यांच्या प्रक्रियेचे छोटे वर्ग होतात. बारामती, नारायणगाव, बाभळेश्वर, जालन्याचं खरपुडी ही नावाजलेली केंद्रं. कोकणातल्या बायकांनी कोकम, करवंद, काजू, फणसासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे विचारावं.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, १९८८ पासून काम करतं. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला असलं तरी कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. इथे पदार्थ कसा करायचा यापेक्षा व्यवसाय कसा मांडायचा यावर भर असतो. काही वर्ग मोफत, काही सशुल्क.

शिंपीकाम, बांबूच्या-वेताच्या वस्तू, मातीकाम, फुलांचे हार असं हातकाम करणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. मजुरी बुडते म्हणून प्रशिक्षण टाळणाऱ्या बाईसाठी हा भत्ता फार मोलाचा आहे.

बचत गटात असाल तर ‘उमेद’ किंवा माविम या सरकारी यंत्रणांमार्फतच वर्ग लागतात. त्याबद्दल खाली.

पैसे भरून करण्यासारखं काय आहे?

दोन गोष्टी. पदार्थ टिकत नसेल तर म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्र सरकारची अन्न तंत्रज्ञान संस्था लहान मुदतीचे वर्ग घेते. वेष्टनाची अडचण असेल तर मुंबईत अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. दोन्हींकडे जाताना आपला पदार्थ आणि आताचं पाकीट बरोबर न्या. ‘पॅकेजिंगबद्दल सांगा’ असं म्हणालात तर व्याख्यान मिळेल. ‘हा चिवडा वीस दिवसांत खवट होतो, कुठलं पाऊच वापरू?’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल.

बाकी हॉटेलातल्या एकदिवसीय ‘बिझनेस मास्टरी’ छापाच्या कार्यशाळांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. टाळ्या खूप वाजतात.

प्रमाणपत्राचा उपयोग होतो का?

भिंतीवर लावण्यापलीकडे एके ठिकाणी नक्की होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, या योजनेत अनुदान हवं असेल तर अगदी छोटे प्रकल्प सोडून उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे. महिला यात विशेष प्रवर्गात येतात. प्रकल्प ग्रामीण भागात असेल तर ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान, आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची घडण बरीचशी अशीच आहे. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करायची.

सगळ्यात आधी काय शिकू?

हिशेब. म्हणजे खतावणी नव्हे, किंमत काढणं. पदार्थ उत्तम, गिऱ्हाईक खूश, ऑर्डरी भरपूर आणि वर्षाअखेरीला हातात काहीच नाही, असं चित्र इतक्या घरांत दिसतं की हा प्रश्न या पानावर सर्वांत मोठा ठेवला आहे.

भाजणीच्या चकलीचं उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही आपल्या गावचे भाव घाला. पाच किलो चकलीला भाजणी ४२० रुपयांची, तेल २४०, तीळ-मसाला आणि गॅस १४०. झाले ८००. पाव किलोची वीस पाकिटं, लेबलसकट प्रत्येकी ७ रुपये, म्हणजे १४०. एकूण ९४०. बहुतेक जणी इथेच थांबतात. किलोला १८८ रुपये पडले, ३२० ला विकली, १३२ रुपये सुटले. आनंद.

पण चकल्या कुणी पाडल्या? तुम्ही आणि जाऊबाईंनी, चार-चार तास. आठ तासांचे तासाला ६० रुपयांनी ४८० रुपये होतात. आता एकूण खर्च १,४२०, किलोला २८४. नफा उरला ३६ रुपये. त्यातच तुटलेल्या चकल्या, चवीला दिलेल्या चकल्या, रिक्षाभाडं आणि फोन. मग एक दिवस कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, ताई, माल ठेवतो, पंचवीस टक्के मार्जिन द्या. ३२० तून ८० गेले, हातात आले २४०. म्हणजे दर किलोमागे ४४ रुपये पदरचे घालून तुम्ही दुकानात माल ठेवताय, आणि ‘आपला माल दुकानात लागला’ म्हणून पेढे वाटताय.

स्वतःची मजुरी धरणं हे बायकांना सर्वांत जड जातं. ‘घरचंच तर काम आहे’ हे वाक्य डोक्यात इतकं मुरलेलं असतं. पण उद्या ऑर्डर दुप्पट झाली आणि हाताखाली बाई ठेवावी लागली तर तिला तुम्ही पैसे देणारच ना? मग ती मजुरी आजच किमतीत असायला हवी.

म्हणून कुठलंही प्रशिक्षण निवडताना विचारा की त्यात किंमत ठरवायला शिकवतात का, आणि माझ्या मालाची किंमत माझ्यासमोर काढून देतील का.

माझं शिक्षण कमी आहे, इंग्रजी येत नाही. मला हे जमेल का?

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड नावाचं गाव आहे, कायम दुष्काळी पट्टा. तिथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायकांनी काही महिने बसून लिहा-वाचायला शिकून घेतलं आणि परत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय जमतं का बघा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे त्यांच्याच संस्थेने बसमधून गावोगाव जाणारी उद्योग शाळा काढली, म्हसवडला सामुदायिक रेडिओ सुरू केला आणि ग्रामीण बायकांसाठी चेंबर ऑफ कॉमर्सही उभं केलं. सातारा-सोलापूरच्या बाजूला राहत असाल तर त्यांच्याकडे चौकशी करून बघा.

पीएमईजीपीतही आठवी पासची अट मोठ्या प्रकल्पांनाच आहे: उत्पादनात १० लाखांच्या वर आणि सेवा व्यवसायात ५ लाखांच्या वर.

बचत गटातून करू की एकटीने?

दोन्हींची रीत वेगळी आहे, फायदेही वेगळे.

गटात असलात की प्रशिक्षण, फिरता निधी, बँक कर्ज, प्रदर्शनातला स्टॉल हे सगळं एका साखळीतून येतं. ग्रामीण भागात ती साखळी बहुतेक ठिकाणी ‘उमेद’ची, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची असते: गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. दुसरीकडे माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, आहे. त्याची स्थापना आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली. त्यांची लोकसंचालित साधन केंद्रं तालुक्यांत काम करतात आणि ती बायकाच चालवतात. तुमचा गट कुणाशी जोडलेला आहे हे अध्यक्ष किंवा सचिव ताईंना विचारा. प्रशिक्षणाची बातमी प्रभागसंघाच्या किंवा साधन केंद्राच्या बैठकीत आधी येते. बैठकीला न जाणाऱ्या गटाला ती उशिरा कळते किंवा कळतच नाही. ओळखींबद्दल बोलायचं तर ग्रामीण महाराष्ट्रात बायकांचं याहून मोठं जाळं दुसरं नाही, फक्त त्याला कुणी ‘नेटवर्किंग’ म्हणत नाही.

एकत्र येण्याची ताकद मुंबईने फार आधी पाहिली आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावात कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायका प्रत्येकी आपापल्या घरात स्वयंपाक करत होत्या, स्वयंपाक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अडचण होती ती किराणा दुकानदाराच्या उधारीची आणि सावकाराच्या व्याजाची. एकत्र आल्यावर बँकेने कर्ज दिलं.

एकटीने करायचं असेल तर निर्णय झटपट होतात, ब्रँड आपल्या नावावर राहतो. दहा जणींच्या गटात आठ जणींना पापड करायचे नसतात, नुसती बचत करायची असते, हेही खरं आहे. अशा वेळी गट सोडायची गरज नाही. गटातून अंतर्गत कर्ज घ्या आणि व्यवसाय स्वतःच्या नावावर नोंदवा. खाद्यप्रक्रियेसाठी २०२० साली आलेल्या पीएमएफएमई योजनेत दोन्ही वाटा ठेवल्या आहेत. एकट्या उद्योजिकेला प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि गटाला खाद्यप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल. तिची मुदत आणि निधीची स्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. अर्ज आणि प्रकल्प अहवालाला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्तीही नेमलेली असते. त्यासाठी एजंटाला पैसे द्यायचं कारण नाही.

शहरातल्या बिझनेस क्लबचं सभासद व्हावं का?

तुम्ही काय विकता यावर अवलंबून आहे.

बीएनआयसारख्या संस्थेत दर आठवड्याला बैठक असते, एका शाखेत एका व्यवसायाची एकच व्यक्ती घेतात आणि सभासदांनी एकमेकांना कामं मिळवून द्यायची असतात. वर्षाची फी चांगलीच असते, शिवाय दर आठवड्याची सकाळ जाते. इंटिरिअर, केटरिंग, छपाई, हिशेबनीस, कार्यक्रमांचं आयोजन अशी सेवा असेल, जिथे एक काम मिळालं तरी वर्षाची फी वसूल होते, तिथे विचार करायला हरकत नाही. दोनशे रुपयांचं थालीपीठ भाजणीचं पाकीट विकणाऱ्या बाईला हे गणित बसत नाही. तिला पाच वकील आणि तीन बिल्डर ओळखीचे होऊन काय करायचं? हो, दिवाळीच्या भेटवस्तूंची ठोक ऑर्डर हवी असेल तर गोष्ट वेगळी.

मराठी वातावरण हवं असेल तर माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. ‘एकमेका साहाय्य करू, अवघे होऊ श्रीमंत’ हे त्यांचं ब्रीद. पुण्यात मराठा चेंबर, राज्यभर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, या जुन्या संस्था. पहिली १९३४ ची, दुसरी वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेली. दोन्हींकडे महिला उद्योजिकांसाठी उपक्रम असतात. चेंबरचा खरा उपयोग निर्यात, करप्रणाली, मोठ्या खरेदीदारांच्या भेटी यांसाठी होतो. अगदी सुरुवातीला घाई करू नका.

कुठेही पैसे भरण्याआधी पाहुण्या म्हणून एक-दोन बैठकांना जा. तिथे एकच गोष्ट बघा: तुमच्या मालाचा खरेदीदार किंवा कच्च्या मालाचा पुरवठादार त्या खोलीत आहे का? आणि फक्त महिलांचाच गट हवा असा हट्ट धरू नका. बाजारातले घाऊक व्यापारी, पॅकेजिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले बहुतेक पुरुष आहेत, त्यांच्याशी बोलायची सवय कधीतरी करावीच लागते. महिलांचा गट मोकळेपणाने चुका सांगायला बरा.

दुसऱ्या बाईला भेटले तर ती माझी पाककृती किंवा गिऱ्हाईक पळवेल, ही भीती वाटते.

पाककृती सांगू नका, बाकी सगळं बोला. कुठल्या दुकानदाराकडून पैसे वेळेवर मिळतात, पॅकिंगचे डबे विकणारा कुठला व्यापारी कमी नगांत डबे देतो, कुठल्या प्रदर्शनात गर्दी असते पण विक्री नसते, ही माहिती कुठल्याच सरकारी वर्गात मिळत नाही. आणि ती फक्त तुमच्याच धंद्यातल्या, तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या बाईकडे असते. स्पर्धेची धास्ती असेल तर दुसऱ्या तालुक्यातली मैत्रीण शोधा. तिचं गिऱ्हाईक वेगळं, अडचणी त्याच.

शिवाय दिवाळीत हाताबाहेर ऑर्डर आल्यावर कोण मदतीला येणार? दोन किलो शंकरपाळ्यांसाठी नाही म्हणण्यापेक्षा तिच्याकडून करून घेणं परवडतं.

प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का?

घ्यावा, पण आधी आकडेमोड करून. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला समजा भाडं ६,०००, जाण्यायेण्याला १,५००, मदतनीस मुलीला १,५००. झाले ९,०००. तुमच्या मालात शंभराला तीस रुपये सुटत असतील तर ३०,००० ची विक्री झाल्यावर फक्त खर्च निघाला. त्यापुढची विक्री तुमची. हा हिशेब केल्यावर अर्धी प्रदर्शनं आपोआप गळतात, विशेषतः सोसायटीच्या हॉलमधली, जिथे स्टॉलवाल्याच एकमेकींकडून खरेदी करतात.

गटांसाठी मुंबईतलं महालक्ष्मी सरस हे राज्यातलं मोठं प्रदर्शन, आणि जिल्ह्यांच्या ठिकाणीही सरस भरतात. निवड ‘उमेद’मार्फत होते, त्यामुळे प्रभागसंघात नाव आधी लावून ठेवा. पुण्यात डिसेंबरच्या सुमारास बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा असते. गावाकडच्या पदार्थांना आणि हस्तकलेला तिथे पुणेकर आवर्जून येतात. पहिल्या वर्षी स्टॉल न घेता नुसतं फिरून या. तुमच्यासारखाच माल किती जणींकडे आहे, भाव काय, पाकीट किती वजनाचं, संध्याकाळी कुणाच्या स्टॉलवर माल संपलेला असतो, हे बघा.

केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडून मान्यताप्राप्त व्यापार मेळ्यांतल्या स्टॉलच्या खर्चाला मदत मिळते आणि महिलांना त्यात जास्त सवलत असते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी, लागते.

स्टॉलवर विक्रीपेक्षा महत्त्वाची एक वही असते. नाव, गाव, फोन, काय घेतलं. पंधरा दिवसांनी ‘ताई, मेतकूट कसं वाटलं?’ एवढा निरोप पाठवला की दुसरी ऑर्डर येते. प्रदर्शनाचा नफा बऱ्याचदा महिन्याभराने कळतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकते, पण कुणी घेत नाही. काय चुकतं?

ज्या ग्रुपमध्ये दोनशे विक्रेत्या आणि शून्य गिऱ्हाइकं आहेत तिथे जाहिरात वाचणार कोण? असे ग्रुप माहितीसाठी ठेवा. विक्रीसाठी स्वतःची यादी करा, ज्यांनी एकदा तरी विकत घेतलंय त्यांचीच. फोटो उजेडात काढा, वजन आणि किंमत त्याच संदेशात लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ वाचून निम्मे लोक पुढे सरकतात. सणाच्या शुभेच्छा रोज पाठवू नका.

कागदपत्रं कोणती लागतात?

प्रशिक्षणाला सहसा आधार, बँक पासबुक आणि फोटो पुरतात. व्यवसायासाठी उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. पॅन वगैरे नसलेल्या अगदी छोट्या उद्योगांसाठी उद्यम असिस्ट ही वेगळी सोय आहे.

खाद्यपदार्थ विकत असाल तर घरून केले तरी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हवी आणि १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायला हवा. त्याच संस्थेचा ‘फॉस्टॅक’ हा अन्नसुरक्षेचा वर्ग छोटा पण कामाचा आहे. वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्यांना आपल्याच राज्यात ई-कॉमर्स संकेतस्थळांवरूनही नोंदणीशिवाय माल विकता येतो, पण त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून एक क्रमांक घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्यात पाठवायचं असेल तर आधी हिशेबनीसाला विचारा.

सरकारी कार्यालयं आमच्यासारख्यांकडून खरेदी करतात का?

करतात. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी वार्षिक खरेदीतली किमान ३ टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी असा नियम २०१८ पासून आहे. जेम या सरकारी बाजारपेठेत ‘वुमनिया’ नावाचा खास विभाग २०१९ मध्ये सुरू झाला. गणवेश, कापडी पिशव्या, फाइल, कार्यालयात लागणाऱ्या वस्तू करणाऱ्या गटांनी जरूर बघावं. मात्र पैसे मिळायला वेळ लागू शकतो. हाताशी दोन महिन्यांचं खेळतं भांडवल नसेल तर मोठी ऑर्डर घेऊ नका.

घरबसल्या ऑनलाइन शिकता येईल का?

इंग्रजी कामापुरतं समजत असेल तर गोल्डमन सॅक्सचा ‘१०,००० विमेन’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला आहे. पैशाचं नियोजन आणि वाटाघाटीचे भाग आधी करा. नीती आयोगाचा महिला उद्योजकता मंच २०१८ पासून आहे, तिथे मार्गदर्शक आणि कार्यक्रमांची माहिती मिळते. यूट्यूबवर पदार्थ शिका, कर्जयोजना शिकू नका. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून कितीतरी जणी बंद पडलेल्या योजनेचे कागद गोळा करत बसतात.

फसवणूक कशी ओळखायची?

‘आमचं मशीन घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ.’ वाती, अगरबत्ती, कागदी प्लेट, नाव कुठलंही असो, सापळा तोच. मशीन विकून झालं की माल ‘दर्जाचा नाही’ म्हणून परत येतो आणि काही महिन्यांत कार्यालयाला कुलूप लागतं. माल खरोखर विकला जात असता तर त्यांनी स्वतःच मशीन लावली असती.

दुसरा प्रकार मुद्रा कर्जाचा. मंजुरीपत्र व्हॉट्सॲपवर येतं आणि ‘प्रक्रिया शुल्क’ आधी भरायला सांगतात. मुद्रा कर्ज बँकेच्या शाखेतून किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडूनच मिळतं, अनोळखी नंबरवर पैसे पाठवून नाही. तिसरा, उद्यम नोंदणीसाठी पैसे घेणारी हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळं. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा.

आणि जिथे मालापेक्षा सभासद आणण्याचे पैसे जास्त मिळतात, त्याला ‘महिला सक्षमीकरण’ म्हटलेलं असलं तरी तिथून उठा.

घर, मुलं, सासूबाई सांभाळून दहा दिवस प्रशिक्षणाला कशी जाऊ?

निवासी वर्ग जमत नसेल तर आरसेटीला सांगून फक्त दिवसा येण्याची सोय होते का ते विचारा. गावात वीस-पंचवीस जणी तयार असतील तर ग्रामसंघामार्फत वर्गच गावात आणण्याची मागणी करता येते. शिवणकाम, पदार्थ यांचे वर्ग असे गावात होतात. तारखा ठरवताना लग्नसराई, सुगी आणि मुलांच्या परीक्षा टाळा असं ग्रामसंघाच्या बैठकीत स्पष्ट बोला. जानेवारीत हळदीकुंकवाला वेळ निघतो, तिथे जमलेल्या बायकांसमोर आपला माल ठेवायलाही संकोच नको.

घरच्यांचं म्हणाल, तर समजावण्यापेक्षा त्यांना एक काम द्या. पाकिटांवर लेबल लावणारे सासरे आणि ऑर्डरी लिहून घेणारी मुलगी असेल तर ‘कशाला जातेस?’ हा प्रश्न कमी येतो. नाही आला तर बरंच, आला तरी जा.

माझा व्यवसाय आता कंपनी म्हणून नोंदलेला आहे. माझ्यासाठी वेगळं काही?

राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना २०२४ मध्ये आली. महिलेचा किमान ५१ टक्के हिस्सा, कंपनी निदान वर्षभर जुनी आणि उलाढाल १० लाख ते १ कोटी असेल तर १ ते २५ लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद त्यात आहे. अर्ज उघडतात तेव्हाच करता येतो, म्हणून राज्य नावीन्यता सोसायटीच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

पहिल्यांदाच एखाद्या मेळाव्याला जातेय. तिथे काय बोलू?

नाव, गाव, काय करता, आणि आत्ता कशाची गरज आहे, एवढं पुरे. ‘मी अंबाजोगाईहून आले, ज्वारीच्या चकल्या करते, मला पाव किलोची पाकिटं कमी नगांत छापून देणारा माणूस हवाय.’ शेवटचं वाक्य सोडू नका, मदत त्यावरच मिळते. चार नमुने पिशवीत असू द्या. चहाच्या वेळी आपल्याच गावच्या बायकांत उभ्या राहू नका. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ज्यांचे नंबर घेतले त्यांना आपण कोण ते लिहून पाठवा, नाहीतर आठवड्याने फोनमध्ये तीन ‘सुनीता ताई मेळावा’ दिसतात.

व्हिजिटिंग कार्ड छापू का?

शंभर छापा, हजार नको. पत्ता किंवा भाव बदलला की उरलेली रद्दीत जातात. पदार्थाचं किंवा कामाचं नाव तुमच्या नावापेक्षा मोठं, फोन, गाव, आणि कमीत कमी किती ऑर्डर घेता ते. मागची बाजू कोरी ठेवा, समोरच्याला लिहायला लागते.